थोडं दुखतंय की फारसं दुखत नाही?

मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरकडचे पेशंट इथे येतातच, सीमेपलीकडून कर्नाटकातूनही रोज माणसं येतात. इथल्या एका दवाखान्यात सात वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या एक सिस्टर माझ्याकडे इंग्रजी शिकायला आल्या. त्यांना ब्रिटनला नोकरीसाठी जायचं होतं. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नोंदणी करायची तर इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी सिस्टरांनी ओईटी ही परीक्षा निवडली होती. ती खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असते. कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ३५० गुण लागतात, लेखनात ३०० चालतात. सिस्टर पहिल्या तिन्हींत पार झाल्या होत्या. लेखनात त्यांना २९० मिळाले होते.

या परीक्षेत निबंध नसतो. एका पेशंटच्या नोंदी हातात देतात आणि त्यावरून पत्र लिहायला सांगतात. कधी ते घरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सला असतं, कधी फॅमिली डॉक्टरांना, कधी फिजिओथेरपिस्टला. वेळ ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ फक्त वाचायला. पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं. तपासणारे सहा अंगांनी गुण देतात, भाषा हे त्यातलं एक. पेशंटबद्दल काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे सिस्टरांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळत होतं. त्यांचं अडत होतं नामांपाशी.

"मॅडम, मला यादी पाठ आहे," असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी ती म्हणून दाखवली. अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, फर्निचर, लगेज, न्यूज, प्रोग्रेस. आधीच्या क्लासमध्ये पन्नास अनकाउंटेबल नामं, म्हणजे ज्यांना इंग्रजीत अनेकवचनाचा 'एस' लागत नाही अशी, घोकून घेतली होती, आणि ती बिनचूक पाठ होती. त्यानंतर अर्ध्या तासाने, माझ्यासमोर घड्याळ लावून लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ओळ आली: 'ऑल अ‍ॅडव्हायसेस अँड इन्फर्मेशन्स वेअर गिव्हन टू हिज वाइफ.'

यादी पाठ असलेल्या माणसाच्या हातून यादीतलेच शब्द चुकतात, तेव्हा आणखी पाठांतर सांगण्यात अर्थ नसतो. मी त्यांच्याकडून जुनी आठ पत्रं मागवून घेतली आणि प्रत्येक चूक कुठून आली असेल ते शोधायला बसले.

वॉर्डातली मराठी

पहिलं वाक्य मला अजून आठवतं. 'ही हॅड फोर डायरियाज अँड थ्री व्हॉमिटिंग्ज सिन्स मॉर्निंग.' शब्द इंग्रजी आहेत, पण बोलतोय तो मिरजेचा वॉर्ड. 'सकाळपासून चार जुलाब झाले, तीन उलट्या झाल्या.' मराठीत जुलाब मोजतात, आणि नर्सच्या नोंदीत तर ते मोजलेच पाहिजेत. इंग्रजीत 'डायरिया' हे त्या अवस्थेचं नाव आहे. अवस्थेला आकडा लागत नाही, ती किती वेळा आली त्याला लागतो. म्हणून 'फोर एपिसोड्स ऑफ डायरिया', किंवा सरळ 'फोर लूज स्टूल्स', कारण 'स्टूल' हा शब्द आकडा घेतो. उलटीचं त्याहून सोपं आहे. तिथे नामच नको. 'ही व्हॉमिटेड थ्री टाइम्स.'

तसंच सलाईनचं. 'दोन सलाईन लावल्या' हे आपण सहज म्हणतो, कारण आपल्या डोळ्यांपुढे दोन बाटल्या असतात. 'टू सलाइन्स' मात्र इंग्रजी वाचणाऱ्याला अडखळवतं. त्याला बाटली किंवा माप हवं असतं, 'टू लिटर्स ऑफ सलाइन'. 'आज नाइटला दोनच स्टाफ आहेत' हेही तसंच. आपल्या दवाखान्यांत 'स्टाफ' म्हणजे एक नर्स, एक माणूस. इंग्रजीत तो सगळा समूह असतो आणि त्यातली एक व्यक्ती म्हणजे 'अ मेंबर ऑफ स्टाफ'.

यातली एकही चूक अज्ञानातून आलेली नव्हती. प्रत्येक वाक्यामागे मराठीतलं एक पूर्ण शुद्ध वाक्य उभं होतं. हे सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. इतके दिवस त्या स्वतःला मठ्ठ समजत होत्या.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक हुशार विद्यार्थी कधी ना कधी विचारतोच. "पैसे तर आपण मोजतोच की. मग 'मनी' अनकाउंटेबल कसं?"

दोष त्या नावाचा आहे. 'मोजता येतं ते काउंटेबल' असं शाळेत सांगतात आणि मूल वस्तूकडे बघायला लागतं. खुर्च्या मोजता येतात, टेबलं मोजता येतात, मग फर्निचर का नाही? खरं तर इथे वस्तूची चौकशीच होत नसते. एखादी भाषा एखाद्या नामाला सुट्या नगांसारखं वागवते की सलग पदार्थासारखं, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर प्रत्येक भाषेने आपापलं देऊन ठेवलेलं असतं. आपणही दिलेलं आहे. तांदूळ निवडले, तांदूळ धुतले, पण भात केला. दाणा तोच. चुलीवर चढला आणि अनेकवचनातून एकवचनात आला. पोहे केले, पण उपमा केला. शेंगदाणे भाजले, पण रवा भाजला. पोह्यांचे दाणे मोजता येतात आणि रव्याचे येत नाहीत, असा विचार करून आपली आई हे बोलत नाही. भाषेने तसं ठरवलं आहे. इंग्रजीने तांदूळ आणि भात या दोघांनाही 'राइस' म्हटलं आणि दोघांनाही सलग मानलं. आपले केस गळतात, त्यांचा 'हेअर' गळतो. जखमेत एकच केस सापडला, तर मात्र तो 'अ हेअर'.

तांदूळ-भाताचं उदाहरण मी कितीतरी वर्गांत दिलं आहे. ते दिल्यावर 'इंग्रजी विचित्र आहे' ही तक्रार बंद होते, असा माझा अनुभव आहे. विचित्रपणा आपल्या स्वयंपाकघरातही आहे, आपल्याला तो दिसत नाही इतकंच.

'इन्फर्मेशन्स'ला मात्र हे लागू पडत नाही. 'माहिती'चं अनेकवचन आपण करतच नाही. कितीही गोष्टी सांगितल्या तरी 'माहिती दिली' असंच म्हणतो. म्हणजे इथे मराठीप्रमाणे लिहिलं असतं तर ते बरोबर आलं असतं! ही चूक दुसरीकडून आली होती. सिस्टरांनी त्यांच्या कामाच्या ठिकाणच्या सूचनांचे दोन-तीन फोटो दाखवले. 'ऑल इक्विपमेंट्स शुड बी स्टरिलाइज्ड', 'स्टेशनरीज विल बी इश्यूड ऑन मंडे'. रोज ड्यूटीवर येता-जाता हे डोळ्यांखालून जातं. पन्नास शब्दांची यादी महिनाभर पाठ केलेली, या सूचना सात वर्षं वाचलेल्या. हात घाईत कुणाचं ऐकणार?

मी ज्याकडे आधी पाहिलंच नाही

पहिले दोन आठवडे मी लाल पेनने या सगळ्या 'एस'ना गोल करत होते. ते दिसतात. पानभर पत्रात 'फर्निचर्स' लगेच डोळ्यांत खुपतं. पण 'फर्निचर्स' वाचून पेशंटचं काही बिघडत नाही. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, फक्त लिहिणारीचं इंग्रजी कच्चं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात एक पत्र तपासताना मी एका ओळीशी थांबले. तिच्यात 'एस'ची एकही चूक नव्हती, आणि त्याआधी तशीच ओळ मी दोनदा बरोबरची खूण करून सोडून दिली होती.

सरावाच्या नोंदींमधला पेशंट असा होता: वय ७२, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आता घरी सोडायचं, पुढचं बघायला नर्स घरी जाणार. सिस्टरांनी लिहिलं होतं, 'ही इज टेकिंग लिटल फूड अँड हॅज लिटल पेन.'

मी विचारलं, "मराठीत सांगा, काय म्हणायचंय?"

"आता थोडं थोडं जेवायला लागलेत, आणि थोडं दुखतंय अजून."

इंग्रजी वाक्य याच्या नेमकं उलटं सांगत होतं. 'लिटल फूड' म्हणजे जवळजवळ जेवतच नाहीत. 'लिटल पेन' म्हणजे फारसं दुखत नाही. पेशंट जेवणात सुधारत होता, तिथे पत्र काळजीचा सूर लावत होतं. त्याला अजून दुखत होतं, तिथे पत्र दुखणं जवळपास संपलं असं कळवत होतं. घरी जाणारी नर्स हे वाचून वेदनाशामक गोळ्यांकडे दुर्लक्ष करू शकते. दोन्हीकडे गळला होता तो एकच 'अ'. 'अ लिटल फूड', 'अ लिटल पेन' लिहिलं असतं तर अर्थ बरोबर पोचला असता.

सिस्टर बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही." 'फर्निचर्स'ला मी लाल गोल केला की त्या नुसतं 'हो मॅडम' म्हणायच्या. या ओळीवर त्यांना झोप आली नाही, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला ते पटलं. पेशंटचं दुखणं चुकीचं कळवणं ही नर्सच्या लेखी व्याकरणाची चूक राहत नाही.

हे मराठीतून समजावायचं कसं, याचा विचार करताना मला आपला 'च' सापडला. 'थोडे पेशंट होते' आणि 'थोडेच पेशंट होते'. 'थोडं जेवले' आणि 'थोडंच जेवले'. नुसत्या 'थोडं'मध्ये काहीतरी आहे याची नोंद असते. 'च' लागला की ते पुरेसं नाही असा सूर येतो. इंग्रजीतही नेमक्या याच दोन छटा आहेत, फक्त खूण उलटी आहे. आपण कमतरता दाखवायला 'च' जोडतो, ते कमतरता दाखवायला 'अ' काढून घेतात. सलग नामाबरोबर 'अ लिटल' आणि 'लिटल', सुट्या नगांबरोबर 'अ फ्यू' आणि 'फ्यू'. 'अ फ्यू ब्लिस्टर्स' म्हणजे थोडे फोड आलेत, लक्ष ठेवा. 'फ्यू ब्लिस्टर्स' म्हणजे थोडेच आहेत, फार नाहीत. सिस्टरांनी त्या दिवसापासून लिहिण्याआधी मनात मराठी वाक्य म्हणून 'च' लागतो का ते बघायला सुरुवात केली. लागला तर 'अ' नको, नाही लागला तर 'अ' हवा. वर्गात शिकवलेल्या कुठल्याही नियमापेक्षा हा त्यांच्या हाताला लवकर बसला.

मग प्रश्न आला की त्यांच्या पत्रांतून 'अ' गळत का होता. मराठीत त्याला जोड नाही, हे एक कारण सगळ्यांनाच लागू आहे. सिस्टरांच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. आधीच्या क्लासमध्ये 'रोगांच्या नावाआधी अ लावायचा नाही' असं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते इमानाने सगळीकडे पाळलं होतं. 'ही हॅड हार्ट अटॅक', 'शी हॅड स्ट्रोक', 'ही हॅज हेडेक'.

नियम अर्धा खरा आहे. 'डायबिटीस', 'हायपरटेन्शन', 'न्यूमोनिया' यांना 'अ' लागत नाही. पण हार्ट अटॅक ही घडलेली घटना आहे. तिला सुरुवात आहे, शेवट आहे, एक झाला, दुसरा झाला असं म्हणता येतं. म्हणून 'अ हार्ट अटॅक', 'अ स्ट्रोक', 'अ फॉल', 'अ फ्रॅक्चर'. मराठी क्रियापद इथे चांगली साक्ष देतं. मधुमेह असतो, झटका येतो. जे 'येतं' किंवा 'घडतं' त्याला बहुधा 'अ' लागतो, जे 'असतं' त्याला बहुधा लागत नाही. बहुधा म्हणते, कारण सर्दी 'अ कोल्ड' असते. डोकेदुखी नेहमी 'अ हेडेक' आणि दातदुखी मात्र ब्रिटनमध्ये नुसती 'टूथेक'ही चालते. एवढे अपवाद पाठ करावेच लागतात. 'मीझल्स' आणि 'मम्प्स' यांच्या शेवटचा 'एस' तर निव्वळ फसवा आहे. गोवर एकच, म्हणून 'मीझल्स इज'.

एक जोडी सिस्टरांना फार उपयोगी पडली. 'ऑपरेशन' सुटं आहे, 'ही हॅड अ‍ॅन ऑपरेशन'. 'सर्जरी' सलग आहे, 'ही हॅड सर्जरी'. ब्रिटनमध्ये 'अ सर्जरी' म्हटलं की त्याचा अर्थ डॉक्टरांचा दवाखाना होतो. फॅमिली डॉक्टरांच्या जागेला तिथे 'सर्जरी' म्हणतात. 'ही हॅज टू अटेंड द सर्जरी ऑन मंडे' हे वाचून सोमवारी ऑपरेशन आहे असं समजणारी नर्स पेशंटला उपाशी ठेवू शकते.

काय बदललं

यादी आम्ही बाजूला ठेवली. तिच्या जागी शब्दकोश आला, विद्यार्थ्यांसाठीचा, ज्यात प्रत्येक नामापुढे 'सी' (काउंटेबल) किंवा 'यू' (अनकाउंटेबल) असं अक्षर असतं. ही सोय आज साधी वाटते. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या गरजा बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला शब्दकोश १९४२ साली टोकियोत छापला गेला. पुढे त्याचाच ऑक्सफर्डचा विद्यार्थी-शब्दकोश झाला. जपानी नामांना आपल्यासारखं अनेकवचन होत नाही, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांचं दुखणं आपल्याहून मोठं. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याला ही अक्षरं कधीच लागत नाहीत. ती आपल्यासारख्यांसाठी आहेत, आणि आपल्याकडे ती बघायला कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं.

शब्दकोश उघडल्यावर सिस्टरांना दिसलं की निम्म्या शब्दांपुढे दोन्ही अक्षरं आहेत. 'पेन' सलगही आहे आणि 'अ शार्प पेन' असं सुटंही. 'एक्स्पीरियन्स' सलग असेल तर कामाचा अनुभव, 'एक्स्पीरियन्सेस' म्हणजे आयुष्यात आलेले प्रसंग. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. म्हणजे शब्दावर शिक्का मारून यादीत टाकणं हीच मुळात चूक. शब्दाचा कोणता अर्थ इथे चालू आहे ते आधी बघायचं, मग अक्षर.

माप लावायची सवय आपल्याला आहेच. चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, वाटीभर डाळ, ओंजळभर पाणी. हा 'भर' इंग्रजीत 'अ पिंच ऑफ', 'अ स्पूनफुल ऑफ' होतो. फक्त 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस' त्यात बसत नाही. सल्ल्याचा तुकडा आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. तिथे मी सिस्टरांना वेगळा रस्ता सांगितला: नाम टाळा, क्रियापद घ्या. 'अ‍ॅडव्हायसेस वेअर गिव्हन' ऐवजी 'शी वॉज अ‍ॅडव्हाइज्ड टू', आणि पुढे नेमकं काय करायला सांगितलं ते. पत्र आखूड होतं, स्पष्ट होतं, आणि चुकायला जागाच उरत नाही. 'व्हॉमिटिंग्ज'चं झालं तेच. माझ्या मते पत्रात अडणाऱ्या सलग नामांपैकी बरीचशी अशी क्रियापदात विरघळवता येतात, आणि घाईच्या लेखनात हा उपाय शब्दकोशापेक्षाही भरवशाचा आहे.

दहा आठवडे आम्ही आठवड्याला दोन पत्रं लिहिली. त्यांच्या पाळ्या बदलत, तसा तास कधी पहाटे, कधी रात्री साडेनवाला. प्रत्येक पत्र संपल्यावर शेवटची तीन मिनिटं त्या फक्त नामांवरून बोट फिरवत. दुसरं काही वाचायचं नाही. प्रत्येक नामाला विचारायचं, तू एक आहेस, अनेक आहेस की सलग? एकटं आणि सुटं असेल तर त्याच्याआधी काहीतरी उभं असलंच पाहिजे: 'अ', 'द', 'हिज', काहीही. शेवटच्या दोन आठवड्यांत 'एस'ची चूक अधूनमधून यायची. 'इक्विपमेंट्स' तर अखेरपर्यंत गेलं नाही. 'लिटल'ची चूक पुन्हा एकदाही झाली नाही.

पुढच्या परीक्षेत लेखनात ३४० आले. त्यातले किती 'अ'मुळे आले ते सांगता येणार नाही, कारण गुणपत्रिकेत लेखनाचा एकच आकडा असतो. दरम्यान त्यांची पत्रांची मांडणीही सुधारली होती.

इंग्लंडला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाजात जरा तक्रार होती.

"मॅडम, 'ब्लड'ला 'एस' लागत नाही म्हणालात ना? इथे डॉक्टर दिवसातून दहा वेळा विचारतात, 'हॅव द ब्लड्स कम बॅक?'"

तिथल्या दवाखान्यांच्या बोलीत 'ब्लड्स' म्हणजे रक्ताच्या तपासण्या. मोजतायत ते रक्त नव्हे, नमुने आणि रिपोर्ट. मी त्यांना विचारलं, "मिरज स्टेशनसमोरच्या टपरीवर तुम्ही काय सांगायचात?"

"दोन चहा द्या."

"चहा मोजायचात का?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कप." आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.